हातमोजा: शब्दाचा अर्थ, उगम आणि कोकणातला वापर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फेब्रुवारी उजाडला की आमच्या वेंगुर्ल्याकडच्या घरात ओल्या काजूगरांची गडबड सुरू होते आणि बाजारात जाणाऱ्या प्रत्येकाला बजावलं जातं, "येताना हातमोजे आण." शब्दांचा नाद मला लहानपणापासूनचा. त्यामुळे या हातमोजाबद्दल शेजारीपाजारी, शाळकरी मुलं आणि मुंबईहून शिमग्याला येणारी भावंडं मला जे विचारत आली, ते इथे एकत्र केलं आहे. सगळ्या प्रश्नांची उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. काहींत सांगण्यासारखं खूप आहे, काही दोन ओळींत संपतात.

हातमोजा म्हणजे नक्की काय?

हाताच्या पंजावर घालायचं, बोटांच्या आकाराचं आवरण. कापडाचं, लोकरीचं, चामड्याचं, रबराचं, कशाचंही. शब्द पुल्लिंगी: तो हातमोजा, ते हातमोजे. मालवणीत "हातमोजो". बोटं वेगळी नसलेल्या, फक्त अंगठा सुटा ठेवणाऱ्या प्रकाराला मराठीत वेगळं नाव रुळलेलं नाही, तोही हातमोजाच.

"मोजा" हा शब्द कुठून आला?

फारसीतून. तिथे "मूझा" म्हणजे पायात घालायचा उंच बूट, पोटरीपर्यंत येणारा, घोडेस्वार घालतात तसा. त्याआधीच्या मध्य फारसीत त्याचं रूप "मोझग" असं होतं. आपल्याकडे येईपर्यंत हा बूट मऊ झाला. फारसीत चामड्याचा होता, मराठीत सुताचा आणि लोकरीचा झाला, आणि बुटाच्या बाहेरून आत गेला. आज मोजा म्हटलं की आपल्याला बूट आठवत नाही, बुटाच्या आत घालायचं ते आठवतं.

फारसी झ मराठीत आला की तो दंत्य ज होतो. बाजार, मजा, मोजा हे तिन्ही एकामागोमाग म्हणून पाहा, जीभ एकाच जागी लागते.

म्हणजे हातमोजा हा "हाताचा बूट" झाला?

मुळापर्यंत गेलं तर हो! आणि मला या शब्दातलं सगळ्यात आवडणारं तेच आहे. माणसानं पायाचं आवरण पाहिलं, त्याला नाव दिलं, मग हाताचं आवरण दिसल्यावर पायाचंच नाव उचलून पुढे "हात" जोडला. जर्मन माणसानंही अगदी हेच केलं. त्याच्या भाषेत हातमोजाला "हांडशू" म्हणतात: हांड म्हणजे हात, शू म्हणजे बूट. त्यानं आपल्याकडून घेतलं नाही, आपण त्याच्याकडून घेतलं नाही. दोघांची वाट वेगळी, पोचले एकाच ठिकाणी.

बाकीच्यांनी वेगळ्या नजरेनं पाहिलं. जपानी भाषेत "तेबुकुरो", म्हणजे हाताची पिशवी. तमिळमध्ये "कैयुरै", हाताचं आच्छादन. आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये "कैगवसु", आणि त्यातला "गवसु" कानावर पडला की मला लगेच तंबोऱ्याची गवसणी आठवते. आजच्या इराणात म्हणतात "दस्तकश", हातावर ओढायचं ते. त्यातला "कश" म्हणजे ओढणं. आपल्या कशिद्यात दोरा ओढला जातो, तो कशिदाही याच धातूतला.

एकच वस्तू, पण कोणाला ती बूट दिसली, कोणाला पिशवी, कोणाला गवसणी.

हिंदीत "दस्ताना" आहे. मराठीनं तो का घेतला नाही?

का घेतला नाही याचं उत्तर भाषेकडे मागता येत नाही. एवढं खरं की घरगुती मराठीत दस्ताना रुजला नाही, हातमोजा रुजला. पण दस्तान्यातला "दस्त" आपण रोज वापरतो. फारसीत दस्त म्हणजे हात. जमिनीचा दस्त, दस्तऐवज, 24 कागदांचा दस्ता हे सगळे हाताशी बांधलेले शब्द. "जबरदस्त" म्हणजे ज्याचा हात वर आहे तो.

याहून गोड गोष्ट अशी की हा दस्त आणि आपला हात सख्खे चुलतभाऊ आहेत. संस्कृतात हस्त, अवेस्तात झस्त, प्राचीन फारसीत दस्त. एकाच जुन्या शब्दाचं पहिलं अक्षर तीन घरांत तीन प्रकारे उच्चारलं गेलं. संस्कृतातल्या हस्ताचा प्राकृतात हत्थ झाला आणि मराठीत हात. म्हणजे हिंदीभाषक दस्ताना म्हणतो तेव्हाही तो, दूरच्या नात्यानं, "हात"च म्हणत असतो.

हात या घराण्यात आणखी एक मोठा पाहुणा आहे: हत्ती. संस्कृतात हस्तिन् म्हणजे ज्याला हात आहे तो, सोंड हाच त्याचा हात. म्हणून हस्त नक्षत्राच्या पावसात भोंडल्याच्या पाटावर हत्ती काढतात.

संस्कृतात हातमोजाला शब्द नव्हता का?

थंडीसाठी घालायच्या हातमोजापेक्षा लढाईतल्या हातमोजाला शब्द होते, आणि ते फार जुने आहेत. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातलं 75वं सूक्त शस्त्रास्त्रांबद्दल आहे. कवच, धनुष्य, दोरी, भाता, बाण अशी एकेकाची स्तुती आहे. त्यातल्या 14व्या ऋचेत "हस्तघ्न" येतो. धनुष्याची दोरी सुटली की ती डाव्या हाताच्या मनगटावर फटकारते. तो फटका झेलणारं चामड्याचं वेष्टन म्हणजे हस्तघ्न. कवी म्हणतो, तो सापासारखा वेटोळे घालून बाहूला वेढतो आणि दोरीचा आघात दूर ठेवतो. चामड्याची लांब पट्टी कोणी हातावर गुंडाळताना पाहिली असेल, त्याला ही उपमा पटकन दिसेल.

पुढे महाभारतात योद्ध्यांचं वर्णन "बद्धगोधाङ्गुलित्राण" असं येतं. अंगुलित्राण म्हणजे बोटांचं रक्षण करणारं. "गोधा" हे मनगटावरचं चामडं. गोधा म्हणजे घोरपडही. आपल्याकडे कातळावर, बांधावर दिसते तीच. तिच्या चिवट कातड्यावरून त्या वेष्टनाला हे नाव मिळालं असावं असं मला वाटतं.

अंगुलित्राणाच्या जवळचा एक शब्द शिंप्यांच्या दुकानात अजून ऐकू येतो: अंगुस्तान. सुई टोचू नये म्हणून बोटाच्या टोकावर घालायचं धातूचं टोपण. हा फारसी "अंगुश्त"वरून आला, म्हणजे बोट, आणि आपला अंगठा ज्या "अंगुष्ठा"वरून आला त्याचं त्याच्याशी रक्ताचं नातं आहे.

आणि दांडपट्टा पाहिला असेल तर मुठीवरचं लोखंडी आवरण आठवा, हात कोपराकडे जाईपर्यंत झाकणारं. त्याला खोबळा म्हणतात. पट्टा फिरवणाऱ्याचा हातमोजा आणि मूठ एकच.

मग "हातमोजा" शुद्ध मराठी आहे का?

अर्धा प्राकृतातून आलेला, अर्धा फारसीतून आलेला, आणि जोडणी पूर्णपणे मराठी. मला तो शंभर टक्के मराठी वाटतो.

हा प्रश्न कोकणात जरा जास्त विचारला जातो, त्याला कारण आहे. विनायक दामोदर सावरकर 1924 ते 1937 या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीची चळवळ त्यांनी तिथूनच जोरात चालवली. दिनांक, महापौर असे त्यांचे कितीतरी शब्द आज आपण विचार न करता वापरतो. त्या वाटेनं जाऊन "हस्तत्राण" किंवा "हस्तावरण" म्हणावं असं सुचवणारे मला भेटतात. हे शब्द चुकीचे नाहीत, एखाद्या सूचनाफलकावर शोभतीलही. पण काजूच्या शेडमध्ये बसलेल्या बाईला "हस्तत्राणे परिधान करा" म्हटलं तर ती मान वर करून बघत राहील. "मोजे घाल गो" म्हटलं की हात पुढे येतो. जो शब्द ऐकून हात हलतो, तो आपला.

कोकणात पोर्तुगीज इतकी वर्षं होते. त्यांचा शब्द का राहिला नाही?

पोर्तुगीज हातमोजाला "लुव्हा" म्हणतात. तो शब्द जुन्या गॉथिक भाषेतल्या तळहाताच्या नावावरून आलेला आहे. इंग्रजी "ग्लोव्ह"च्या मुळाशीही तळहाताचाच शब्द असावा असं भाषेचे अभ्यासक मानतात.

वसई 1739 पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, चौल-रेवदंड्यालाही त्यांचं ठाणं होतं. बादली, घमेलं, चावी, पगार, पाव, बटाटा हे सगळे त्यांचेच. हर्णैच्या किनाऱ्यावर संध्याकाळी मासळीचा जो लिलाव चालतो, तो "लिलाव"सुद्धा पोर्तुगीज. काजूचं झाड तर तेच ब्राझीलहून घेऊन आले आणि नावही सोबत आलं. लुव्हा मात्र मागे राहिला. माझी समजूत सरळ आहे: शब्द वस्तूबरोबर उतरतात. घमेलं रोज लागतं, पगार महिन्याला लागतो. आमच्या घामाच्या हवेत हातावर कातडं चढवून कोण बसणार होतं?

"हँडग्लोव्हज" म्हणणं चूक का?

इंग्रजीत ग्लोव्ह म्हणजे हाताचाच असतो, त्यामुळे पुढे हँड लावायची गरज नाही. तरी दुकानात सगळे हँडग्लोव्हज मागतात, हँडग्लोज म्हणतात, आणि "एक हँडग्लोव्हज हरवला" असं एकवचनातही चालवतात. मला यामागे मराठी मन दिसतं. आपल्याला "मोजा"च्या आधी "हात" लावायची सवय आहे, कारण नुसता मोजा पायाचा. तीच सवय इंग्रजी शब्दावर चढली. चूक म्हणून कोणाला हिणवू नये. पण साधा, दोन अक्षरी "मोजे" शब्द समोर असताना तो का टाकायचा, हे मला खरंच कळत नाही.

"मोजाला" लिहायचं की "मोज्याला"?

मोजाला. शेवटी "जा" असलेल्या पुल्लिंगी शब्दाचं सामान्यरूप "जा" असंच ठेवायचं, असा शुद्धलेखनाचा नियम आहे: दरवाजा-दरवाजाला, मोजा-मोजाला. नियमामागे कान आहे. य जोडला की ज "ज्योती"तल्यासारखा होतो, "जाळं"मधल्यासारखा राहत नाही.

शब्द जोडून लिहा. "हात मोजा" असं तोडलंत तर ती हात मोजण्याची आज्ञा होते.

मोजणे, सातबारावरचं "मौजे" आणि "मौज" यांचा मोजाशी संबंध आहे का?

नाही. "मौजे" हा अरबीतून आलेला, जागा किंवा गाव या अर्थाचा शब्द. मौजे अमुक, तालुका अमुक असं सातबारावर लिहितात ते त्यामुळे. "मोजणे" हे आपलं क्रियापद, त्याचा बुटाशी काही संबंध नाही.

"मौज" मात्र किनाऱ्यावरच्या माणसानं लक्षात ठेवावी अशी आहे. अरबी-फारसीत मौज म्हणजे लाट. मनात उठणारी लाट म्हणून लहर, लहर म्हणून आनंद. आमच्या सागरेश्वराच्या किनाऱ्यावर पोरं लाटेला पाठ देऊन उभी राहतात आणि ओरडतात तेव्हा ती शब्दाच्या दोन्ही अर्थांनी मौज करत असतात.

हातमोजावरून मराठीत म्हणी आहेत का?

हातावरून ढीगभर आहेत. हातावर पोट, हात ओला तर मैत्र भला, हाताच्या काकणाला आरसा कशाला. हातमोजावरून माझ्या कानावर एकही आलेली नाही. युरोपात सरदार आव्हान देताना लोखंडी हातमोजा समोर फेकत आणि ज्यानं तो उचलला त्यानं आव्हान स्वीकारलं असं मानत. आपल्याकडे त्या जागी विडा आहे. विजापूरच्या दरबारात अफजलखानानं विडा उचलल्याची गोष्ट प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ असते.

कोकणात थंडी नाही, मग हातमोजे लागतात कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तो विचारणाऱ्यानं काजूगर सोललेला नसतो.

आमच्याकडे हातमोजा थंडीसाठी नाही, कामासाठी. मासळी साफ करणाऱ्या बायकांना शिंगाळ्याचा काटा लागतो, बर्फात हात बधिर होतात, कोलंबी सोलताना तिच्या डोक्यावरची टोकं नखाखाली शिरतात. आंबे काढताना देठाचा चीक उडतो आणि जिथे पडेल तिथे कातडी काळी पडते. पण काजूसारखं काही नाही. काजूच्या टरफलाला दोन थर असतात आणि मधल्या जाळीदार भागात काळपट, दाट तेल भरलेलं असतं. त्यातलं आम्ल कातडी जाळतं. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, आणि बिब्बा उतला की काय होतं ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

ओला काजूगर काढताना हिरवी, कोवळी बी विळीवर उभी चिरतात आणि काडीनं किंवा सुरीच्या टोकानं आतला गर अख्खा उचकटतात. तो तुटला की भाव पडतो. माझी मावशी हे काम चाळीसेक वर्षं करते आहे. हंगामाच्या आठव्या दिवशी तिची बोटं मी जवळून पाहिली आहेत: अंगठ्याची आणि पहिल्या दोन बोटांची टोकं तपकिरी, त्यावर बारीक भेगा, आणि कडेनं कातडी कांद्याच्या सालीसारखी सुटलेली. रात्री ती आमटीत बोटं बुडवून भात कालवत नाही, चमच्यानं जेवते. तिखट झोंबतं म्हणून.

तिच्या पिढीचा हातमोजा म्हणजे राख, नाहीतर खोबरेल तेल. फणस कापण्याआधी आपण हाताला तेल चोपडतो, चीक चिकटू नये म्हणून, तेच तंत्र. तेलाचा थर हाही हाताचं आवरणच, फक्त तो दर अर्ध्या तासानं पुन्हा लावावा लागतो.

काजूच्या कामाला कुठला हातमोजा चांगला?

सुती विणलेला घालू नका. तो चीक पितो आणि बोटाशी धरून ठेवतो, म्हणजे नुसत्या हातापेक्षा वाईट. साधं रबर म्हणजे लेटेक्स तेलानं फुगतं आणि ढिलं पडतं. नायट्राइलचे मोजे तेलाला जास्त टिकतात. निळ्या किंवा काळ्या रंगात मिळतात. बोटांवर घट्ट बसेल असं माप घ्या, सैल मोजात बी घसरते आणि विळी जवळ असते. फाटला की लगेच बदला. आतून घाम साचतो, म्हणून अधूनमधून काढून हात पुसा, आणि काम संपल्यावर हाताला खोबरेल लावा.

एका व्यापाऱ्याकडे कामाला जाणाऱ्या आमच्या वाडीतल्या बायकांना दोन हंगाम मोजे मिळाले नाहीत. "आणतो" म्हणाला, आणले नाहीत. शेवटी बायकांनी स्वतःच वर्गणी काढून खोका आणला. हे मला आजही खटकतं. गर अख्खा निघावा म्हणून आग्रह धरणाऱ्यानं बोटंही अख्खी राहावीत एवढं पाहायला हवं.

डॉक्टरांचे रबरी हातमोजे रुग्णासाठी निघाले ना?

सुरुवात उलट झाली. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड नावाचे शल्यचिकित्सक होते. 1889-90 च्या सुमारास त्यांच्या शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांचे हात पाऱ्याच्या जंतुनाशकानं सोलून निघायला लागले. हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे बनवून घेतले, त्या परिचारिकेच्या हातांसाठी. पुढे दोघांचं लग्न झालं. रुग्णाला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून सर्वांनीच ते घालायचे, ही पद्धत नंतर रुळली. म्हणजे त्या शस्त्रक्रियागृहात रबरी मोजा आला तो काम करणाऱ्या बाईची कातडी वाचावी म्हणून.

ही गोष्ट मी मावशीला सांगितली होती. तिनं विचारलं, "त्या बायेक मोजे घालून काम करूक जमला?" जमलं म्हटल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. तिची तक्रार नेहमी एकच असायची, "मोजो घातलो तर बी हातात गावणा नाय." दुसऱ्या दिवशी सकाळी विळीपाशी बसताना तिनं खोक्यातून एकच मोजा काढला, डाव्या हातात घातला, म्हणजे बी धरायच्या हातात. सुरीचा हात उघडाच ठेवला. दुपारपर्यंत टोपलीत गर अख्खे होते. यंदा ती दोन्ही हातांत घालते, उजव्या मोजाचं तेवढं पहिल्या बोटाचं टोक कात्रीनं कापून.